‘जणू’ दिसलं की उत्प्रेक्षा?

या महिन्यात सदराकडे आलेली बहुतेक पत्रं अलंकार, वाक्प्रचार आणि कवितेतल्या प्रतिमांविषयी आहेत. सारखे प्रश्न एकत्र करून उत्तरं दिली आहेत. काही उत्तरं लांबली आहेत, कारण तिथे नुसती व्याख्या देऊन भागत नाही.

प्रश्न : उपमा, उत्प्रेक्षा आणि रूपक यांत माझा नेहमी गोंधळ होतो. शिकवणीत शब्दांची यादी पाठ करायला दिली आहे. सम, समान, सारखा, वाणी, परी, गत हे उपमेचे. जणू, जणूकाय, गमे, वाटे, भासे, की हे उत्प्रेक्षेचे. यादी तोंडपाठ आहे, तरी सरावात निम्मी उत्तरं चुकतात. – दहावीची विद्यार्थिनी, मंगळवेढा

यादी चुकीची नाही. पण ती शेवटी पडताळा घ्यायला वापरायची असते आणि तू तिथूनच सुरुवात करतेस. यादीतला एकेक शब्द तपासून बघ. ‘सारखा’ म्हणजे समान, पण ‘तो सारखा बोलतो’ यात सारखा म्हणजे सतत. ‘वाणी’ म्हणजे बोलणं आणि वाणी म्हणजे किराणा विकणाराही. ‘वाटे’ म्हणजे वाटतं, पण ‘डोळ्यांवाटे पाणी आलं’ यात त्याचा अर्थ ‘मधून’. आणि ‘की’ तर ‘आई म्हणाली की’ अशा कुठल्याही साध्या वाक्यात येतो. शब्द दिसला म्हणून अलंकार सापडला असं होत नाही.

आधी दोन वस्तू शोध. जिच्याबद्दल बोलायचं आहे ती उपमेय. तिच्यासाठी बाहेरून आणलेली ती उपमान. दोघींत जो गुण सारखा आहे तो साधारण धर्म, आणि तो जोडून देणारा शब्द तो साधर्म्यवाचक. तुझ्या मंगळवेढ्याची मालदांडी ज्वारी घेऊ. दाणे हे उपमेय, मोती हे उपमान, टपोरेपणा आणि तकाकी हा साधारण धर्म. आता या दोघांमधलं अंतर कसं बदलत जातं ते बघ.

‘मालदांडीचे दाणे मोत्यांसारखे टपोरे’ ही उपमा. दाणे दाणेच राहिले, मोती मोतीच राहिले, फक्त शेजारी ठेवले. ‘मालदांडीचे दाणे जणू मोतीच’ ही उत्प्रेक्षा. इथे मन म्हणतं की हे मोतीच असावेत, पण ते कल्पना करतंय याची जाणीव ‘जणू’ने जिवंत ठेवली आहे. ‘कणसाकणसांत दाण्यांचे मोती भरले’ हे रूपक. अंतर संपलं, दाणे आणि मोती एकच झाले, तरी दोघांची नावं वाक्यात आहेत. ‘हे दाणे नव्हेत, हे तर मोती’ ही अपन्हुती, कारण इथे उपमेय चक्क नाकारलं. ‘मोत्यांहून मोलाचे हे दाणे, मोत्यांनी कुणाचं पोट भरतं?’ हा व्यतिरेक. आता उपमेय उपमानाच्या वर गेलं.

याच जोडीवर आणखी चार अलंकार उभे राहतात. ‘हे दाणे की मोती, काही कळेना’ हा ससंदेह. ‘मोती समजून राजहंस खळ्यात उतरला’ हा भ्रांतिमान. हंस मोत्यांचा चारा खातो असा कवींचा जुना संकेत आहे, त्यावर हे वाक्य उभं आहे. ससंदेहात मन दोन्हींच्या मध्ये हेलकावतं. भ्रांतिमानात चूक पक्की झालेली असते आणि कुणीतरी त्या चुकीनुसार वागतं. वागणं दिसलं की भ्रांतिमान, ही खूण सहसा चुकत नाही. ‘मालदांडीसारखी मालदांडीच’ हा अनन्वय. दुसरं उपमान मिळालंच नाही. आणि ‘खळ्यात मोत्यांची रास लागली’ असं म्हटलं, तर दाण्यांचं नावच गेलं, उपमानाने उपमेय गिळलं. संस्कृत शास्त्रकार याला अतिशयोक्तीचा एक प्रकार मानतात. शाळेत मात्र अतिशयोक्ती म्हणजे एखादी गोष्ट अशक्य वाटेल इतकी फुगवून सांगणं, एवढंच शिकवतात. परीक्षेत शाळेची व्याख्या लिही.

आता तुझी उत्तरं नेमकी चुकतात कुठे? बहुधा तीन ठिकाणी.

पहिलं, तुलना दिसली की तू उपमा लिहीत असशील. ‘दादा बाबांसारखा उंच आहे’ यात अलंकार नाही. दोघंही माणसं, ती मापाची तुलना झाली. ‘गवा गाईसारखा दिसतो’ यातही नाही. न्यायशास्त्रात, म्हणजे जुन्या भारतीय तर्कशास्त्रात, हे अगदी याच जातीचं उदाहरण येतं, पण ते अनोळखी प्राणी ओळखण्याचं साधन म्हणून. त्यातून माहिती मिळते, सौंदर्य नाही. उपमेला दोन वेगळ्या जातींच्या वस्तू लागतात आणि त्या एकत्र आल्याचा थोडा अचंबा लागतो.

दुसरं, उत्प्रेक्षा नेहमी वस्तूचीच असते असं तू धरून चालत असशील. ‘अंधार जणू अंगाला काजळ फासत होता’ यात मोत्यासारखी वस्तू शोधत बसलीस तर काही सापडणार नाही. इथे अंधाराच्या पसरण्यावर फासण्याच्या क्रियेची कल्पना केली आहे. अंधार अंगाला लिंपतो आहे अशी एक संस्कृत ओळ आहे आणि ती उपमा की उत्प्रेक्षा यावर दंडी या संस्कृत काव्यशास्त्रकाराने ‘काव्यादर्शा’त सविस्तर वाद घातला आहे, त्याचा कौल उत्प्रेक्षेच्या बाजूने आहे. कारणाचीही उत्प्रेक्षा होते. ‘सूर्य जणू लाजून ढगाआड गेला’ यात सूर्याचं झाकलं जाणं खरं, लाज हे कारण कल्पिलेलं.

तिसरं, ‘जणू काही तूच मालक आहेस!’ हे वाक्य. इथे ‘जणू’ आहे, पण बोलणारा कल्पनेत रमलेला नाही, रागावलेला आहे. हा उपरोध.

रूपकासाठी एक चाचणी लक्षात ठेव. मराठीत रूपक बऱ्याचदा ‘चा-ची-चे’ या प्रत्ययांतून येतं : दुःखाचा डोंगर, ज्ञानाचा सागर. पण ‘सोन्याची अंगठी’ आणि ‘आंब्याचं झाड’ यांतही तेच प्रत्यय आहेत. प्रत्यय काढून मध्ये ‘हाच’ किंवा ‘हेच’ घाल. ‘दुःख हाच डोंगर’ अर्थ देतं, म्हणून रूपक. ‘आंबा हेच झाड’ अर्थ देत नाही, म्हणून साधा संबंध.

प्रश्न : ‘पाऊस आला’, ‘घड्याळ चालतं’, ‘वारा पडला’ ही चेतनगुणोक्तीची उदाहरणं धरावीत का? – दोन वाचक, अकोला आणि नाशिक

नाही. भाषेत ही क्रियापदं इतकी मुरली आहेत की त्यांतून कुणाच्या डोळ्यांपुढे चालणारं घड्याळ येत नाही. अचेतन वस्तू माणसासारखी वागताना दिसली पाहिजे. ‘पाऊस अंगणात पाय आपटत आला’ म्हटलं की चेतनगुणोक्ती झाली, कारण आता त्या पावसाला पाय आहेत आणि हट्टही आहे.

प्रश्न : बारावीच्या सरावात ही ओवी आली होती : ‘माझा मराठाचि बोलु कौतुकें। परि अमृतातेंही पैजां जिंके। ऐसीं अक्षरें रसिकें। मेळवीन॥’ मी ‘परि’ पाहून उपमा लिहिलं, मैत्रिणीने व्यतिरेक. शिवाय एकाच ओळीत दोन अलंकार दिसले तर कोणता लिहायचा? – लातूर

मैत्रीण बरोबर आहे. ‘ज्ञानेश्वरी’च्या सहाव्या अध्यायातली ही ओवी व्यतिरेकाचा फार सुंदर नमुना आहे आणि ती नेमकी यादीवर विसंबणाऱ्याला चकवते. उपमेच्या यादीतल्या ‘परी’चा अर्थ ‘प्रमाणे’. इथल्या ‘परि’चा अर्थ ‘पण, तरीही’. माझे बोल मराठीच आहेत, तरीही ते अमृतालासुद्धा पैजेत जिंकतील, असं ज्ञानदेव म्हणतात.

उलट व्यतिरेक म्हटलं की मुलं ‘हून’ प्रत्यय शोधतात : अमृताहून, चंद्राहून. इथे तो कुठेच नाही. वर जाण्याचं सगळं काम ‘पैजां जिंके’ या दोन शब्दांनी केलं आहे. म्हणून पुन्हा तेच : उपमेय कोणतं? मराठी बोल. उपमान कोणतं? अमृत. शेवटी वर कोण राहिलं? बोल. झालं.

उत्तर लिहिताना आधी अलंकाराचं नाव, मग उपमेय आणि उपमान त्याच ओळीतले शब्द उचलून, मग एका वाक्यात लक्षण, आणि शेवटी ते लक्षण या ओळीत कसं बसतं ते. पुष्कळ मुलं लक्षण छान लिहितात आणि ओळीकडे परत येतच नाहीत. तपासणाऱ्याला तुला व्याख्या पाठ आहे एवढंच कळतं. ओळ समजली आहे हे कळत नाही.

दोन अलंकारांबद्दल शास्त्रात फार नेमका विचार झाला आहे. तीळ आणि तांदूळ मिसळले तरी वेचून वेगळे करता येतात. तसे अलंकार शेजारी शेजारी असतील तर ती संसृष्टी. दूध आणि पाणी मिसळलं की वेगळं करता येत नाही; तसे अलंकार एकमेकांत विरघळले असतील तर तो संकर. ओळीत अनुप्रास आणि उपमा दोन्ही असतील तर ते बहुधा तीळ-तांदूळ असतात. प्रश्नात ‘अलंकार ओळखा’ एवढंच असेल, तर जो काढून घेतल्यावर ओळीचा अर्थच कोसळतो तो लिहायचा. अनुप्रास गेला तर नाद जाईल; वरच्या ओवीतला व्यतिरेक गेला तर सांगायचंच काही उरत नाही.

प्रश्न : एकूण अलंकार किती? – सातारा

भरताच्या ‘नाट्यशास्त्रा’त चार आहेत : उपमा, रूपक, दीपक आणि यमक. पुढे भेद-उपभेद करत संख्या वाढली; अप्पय्य दीक्षितांच्या ‘कुवलयानंदा’त ती शंभरापर्यंत जाऊन पुढे सरकते. शाळा-महाविद्यालयासाठी वीस-पंचवीस पुरेसे आहेत, आणि त्यांतलेही निम्मे वर सांगितलेल्या उपमेय-उपमानाच्या नात्यातून निघतात.

प्रश्न : आठवी ते दहावीला मराठी शिकवते. दृष्टान्त आणि अर्थान्तरन्यास यांतला फरक मुलांना पटेल असा सांगता येत नाही. दोन्हींत दाखलाच तर असतो. – शिक्षिका, परभणी

फरक दाखल्याच्या असण्या-नसण्यात नाही, पातळीत आहे. दृष्टान्तात दोन्ही विधानं एकाच पातळीवर असतात, एकमेकांची प्रतिबिंबं असावीत तशी. अर्थान्तरन्यासात एक विधान ठरावीक प्रसंगाचं आणि दुसरं सर्वांना लागू पडणारं असतं. प्रसंगावरून सिद्धान्ताकडे किंवा सिद्धान्तावरून प्रसंगाकडे, अशी तिथे चढउतार होते.

सर्वांच्या परिचयाचा तुकोबांचा अभंगच घ्या. ‘लहानपण देगा देवा, मुंगी साखरेचा रवा, ऐरावत रत्न थोर, त्यासी अंकुशाचा मार.’ पाठ्यपुस्तकांत हे दृष्टान्ताचं उदाहरण असतं, कारण लहानपणाची मागणी पटवायला मुंगी आणि ऐरावत असे दोन दाखले शेजारी उभे केले आहेत. पण पुढचा चरण येतो : ‘जया अंगी मोठेपण, तया यातना कठीण.’ हा कुणा एका हत्तीबद्दल नाही, जगातल्या प्रत्येक मोठ्याबद्दल आहे. ऐरावताचा चरण आणि हा चरण एवढेच जोडून वाचले, तर विशेषावरून सामान्याकडे जाणारा अर्थान्तरन्यास समोर येतो. एकाच अभंगात दोन्ही घडण पाहायला मिळते, आणि ती पाठ असलेल्या ओळींत मिळते, म्हणून वर्गात यासारखं साधन नाही.

वर्गात करून पाहण्यासारखं असं : कागदाच्या दहा पट्ट्या घ्या. पाचांवर ठरावीक प्रसंग लिहा, उदाहरणार्थ ‘वादळात वडाची फांदी मोडली, गवताचं पातं तसंच राहिलं’. पाचांवर सर्वसामान्य विधानं, ‘ताठ उभा राहतो त्यालाच वारा आधी धरतो’ अशी. मुलांनी जोड्या लावायच्या. प्रसंगाला सामान्य विधान जोडलं की अर्थान्तरन्यास. त्याच प्रसंगाशेजारी ‘दंगलीत दुकानाच्या मोठ्या काचा फुटल्या, पायरीचा दगड शाबूत राहिला’ असा दुसरा प्रसंग जोडला की दृष्टान्ताचा साचा. दोन विधानांच्या मध्ये ‘म्हणतात ते खोटं नाही’ हे शब्द घालून वाचायला सांगा. ते बसले तर बहुधा अर्थान्तरन्यास. ‘तिकडेही बघा ना’ बसलं तर दृष्टान्त. मुलं ही चाचणी पटकन उचलतात.

एक अडचण येईल. ‘जसं… तसं’ वापरून दिलेला दाखला काही पुस्तकं दृष्टान्तात घालतात. काटेकोर शास्त्रात दृष्टान्तामध्ये जोडणारा शब्द नसतो, दोन विधानं नुसती शेजारी असतात. मुलांना दोन्ही सांगा, आणि गुण ज्या पाठ्यपुस्तकावर मिळणार त्याचीच व्याख्या लिहायला लावा.

प्रश्न : आम्ही म्युनिकला राहतो. नऊ वर्षांचा मुलगा मराठी बोलतो, पण ‘पोटात कावळे ओरडतात’ म्हटलं की पोटाकडे बघतो. वाक्प्रचार पाठ करून घेतले तर भलत्या ठिकाणी वापरतो. कसं शिकवावं? – एक पालक

मुलगा करतो आहे ते अगदी योग्य आहे. शब्दाचा सरळ अर्थ घेणं ही पहिली पायरी; शास्त्रात त्या शक्तीला अभिधा म्हणतात. सरळ अर्थ अडला की शेजारचा अर्थ घ्यायचा, ती लक्षणा. मम्मट या संस्कृत काव्यशास्त्रकाराने ‘काव्यप्रकाशा’त लक्षणेसाठी तीन अटी सांगितल्या आहेत आणि त्याच तुमच्या मुलाला तीन प्रश्न म्हणून विचारता येतील.

पहिला : असं खरंच होईल का? पोटात कावळे शिरतील का? नाही. म्हणजे मुख्य अर्थ अडला. दुसरा : मग याच्या जवळचं काय होतं? भूक लागली की पोटात आवाज होतो, कावळाही सकाळी खायला मागत ओरडतो. हा संबंध. तिसरा : मग साधं ‘भूक लागली’ का नाही म्हटलं? एक तर तशी रूढी आहे, किंवा त्यातून काही जास्तीचं सांगायचं आहे. मम्मटाचं प्रसिद्ध उदाहरण ‘गंगेवर गवळीवाडा’ असं आहे. प्रवाहावर वाडा राहू शकत नाही, म्हणून काठावर असा अर्थ घ्यायचा. पण ‘काठावर’ म्हटलं असतं तर गंगेचा थंडावा आणि पावित्र्य त्या वाड्यात आलं नसतं. आपणही ‘घर अगदी नदीवर आहे’, ‘बाबा ताटावर बसलेत’, ‘सगळं गाव जत्रेला लोटलं’ असं रोज म्हणतो. सुरुवात अशा वाक्यांनी करा. वाक्प्रचार नंतर.

मुलगा जर्मन बोलत असेल तर त्याच्याकडे मोठं भांडवल आहे. जर्मनमध्ये काहीच कळलं नाही तर ‘मला फक्त रेल्वे स्टेशन कळतं’ म्हणतात, आणि समोरचं न दिसणाऱ्याला ‘डोळ्यांवर टोमॅटो आहेत’ म्हणतात. ते ऐकून तो स्टेशन शोधत नाही. म्हणजे ही किमया त्याला येते, फक्त मराठीत तिचा परिचय नाही. टोमॅटोशेजारी ‘डोळ्यांवर कातडं ओढणं’ ठेवा आणि फरक विचारा : टोमॅटोवाल्याला दिसत नाही, कातडं ओढणारा मुद्दाम बघत नाही. असा फरक एकदा सापडला की वाक्प्रचार भलत्या ठिकाणी जात नाही.

भलत्या वापराचं कारण बहुतेक वेळा अर्थाची यादी हेच असतं. यादीत ‘कान भरणे’पुढे ‘चहाडी करणे’ लिहिलेलं असतं, आणि कुणी कुणाकडे, कशासाठी हे गळून पडतं. कानाचेच बघा. मन लावून ऐकणं म्हणजे कान देणं. चाहूल लागून सावध होणं म्हणजे कान टवकारणं. कुणाबद्दल वाईट सांगून मन बिघडवणं म्हणजे कान भरणं. खडसावणं म्हणजे कान उपटणं. चूक दाखवून समज देणं म्हणजे कान टोचणं. तेच तेच ऐकून वैताग आला की कान किटतात. दुर्लक्ष केलं तर कानाडोळा. सगळीकडे कान एकच. अर्थ क्रियापदाने ठरवला. म्हणून क्रियापदासकट शिकवा आणि बदल करू देऊ नका : ‘पोटात चिमण्या ओरडतात’ गोड वाटलं तरी ते मराठी नाही. आठवड्याला तीन-चार पुरेत, आधी शरीराच्या अवयवांचे, आणि प्रत्येक घरात घडलेल्या प्रसंगाला बांधून. त्या दिवशी तुम्ही खरंच त्याचे कान टोचले असतील तर त्या रात्री तो शब्द सांगा.

तिसरी शक्ती व्यंजना. तिला अजून वेळ द्या, पण खेळ म्हणून करता येईल. ‘सात वाजले’ हे एकच वाक्य. खेळणाऱ्या मुलाला आई म्हणाली तर अर्थ ‘घरी ये’. डबा भरताना बाबांना म्हणाली तर ‘उशीर होतोय’. आजी देवघराकडे बघत म्हणाली तर ‘दिवा लावायचा आहे’. इथे सरळ अर्थ अडलेला नाही, सात खरोखरच वाजले आहेत, तरी जास्तीचा अर्थ निघतो. लक्षणा आणि व्यंजना यांत हाच मुख्य फरक.

प्रश्न : श्लेष आणि नुसती कोटी यांत फरक कसा करायचा? शब्दश्लेष, अर्थश्लेषही गोंधळात टाकतात. – फोंडा, गोवा

श्लेषात दोन्ही अर्थ त्या वाक्यात शेवटपर्यंत टिकतात. कोटीत दुसरा अर्थ क्षणभर चमकतो, हसू येतं आणि वाक्य पहिल्या अर्थाने पुढे जातं. प्रत्येक कोटीच्या मुळाशी श्लेष असू शकतो, पण दोन्ही अर्थांवर विचार चालला पाहिजे.

शब्द बदलून बघा. ‘मित्राचा उदय झाला की सगळ्यांना आनंद होतो’ यात मित्र म्हणजे सूर्यही आणि सखाही. ‘मित्रा’च्या जागी ‘सखा’ ठेवला की सूर्य नाहीसा होतो. शब्दावरच सगळं उभं होतं, म्हणून शब्दश्लेष. ‘भरत गेली तशी ती वाकत गेली’ हे वाक्य फळांच्या फांदीबद्दलही आहे आणि कर्तृत्वाने मोठ्या झालेल्या नम्र बाईबद्दलही. ‘वाकत’ऐवजी ‘झुकत’ घाला, दोन्ही अर्थ राहतात. हा अर्थश्लेष. ‘नवरी’ हा शब्द ‘न वरी’ असा फोडून दुसरा अर्थ काढला, तर तो सभंग श्लेष. मित्रासारखा न फोडता दोन अर्थ देणारा तो अभंग श्लेष. इथल्या ‘अभंग’चा अर्थ न तुटणारा एवढाच.

प्रश्न : कविता लिहितो. एका नियतकालिकाने कविता परत करताना ‘प्रतिमा एकमेकींत गुंतल्या आहेत’ असं कळवलं. म्हणजे नेमकं काय, आणि दुरुस्त कसं करायचं? – रत्नागिरी

असं होतं ते एक ओळ बनवून पाहू : ‘आठवणींचं बी उरात पेरलं आणि त्याच्या ज्वाळा आभाळाला भिडल्या.’ बी शेतातलं, ज्वाळा आगीच्या. वाचकाने मातीचं चित्र डोळ्यांपुढे आणलं, तेवढ्यात तुम्ही त्याला आग दाखवली. दोन्ही चित्रं अर्धवट राहिली आणि मधली भावना कुठेच टेकली नाही.

कवितेची एक प्रत घ्या आणि प्रत्येक उपमानाखाली रेघ ओढा. समासात ते कुठल्या जगातलं आहे ते एका शब्दात लिहा : शेत, समुद्र, आग, घर, बाजार. मग त्या उपमानाचं क्रियापद शोधा आणि तेही त्याच जगातलं आहे का बघा. चूक बहुतेक वेळा क्रियापदात सापडते. बी रुजतं, कुजतं, करपतं, पाखरं टिपतात; ते पेटत नाही. ‘आठवणींचं बी उरात पेरलं आणि पहिल्या सरीआधीच ते करपून गेलं’ असं झालं की ओळ उभी राहते, आणि करपण्याने आगीचा दाहही आपोआप आला.

मेलेली रूपकं तपासायला विसरू नका. ‘आशेचा किरण’, ‘दुःखाचा डोंगर’, ‘अश्रूंचा पूर’ ही इतकी वापरली गेली आहेत की लिहिताना त्यांतलं चित्र आपल्याला दिसत नाही. म्हणून हातून ‘आशेचा किरण कोमेजला’ किंवा ‘दुःखाचा डोंगर ओसरला’ असं लिहिलं जातं. किरण मावळतो, कोमेजतं ते फूल. डोंगर खचतो, ओसरतो तो पूर. असं रूपक दिसलं की एक तर ते काढा, नाहीतर त्याला पुन्हा जिवंत करा. ‘चर्चेचं गुऱ्हाळ’ हा शब्दप्रयोग बातम्यांत झिजून गेला आहे. पण त्याला चरक, चोथा आणि कढईवरची मळी परत द्या, आणि रस कुणाच्या वाट्याला गेला हे विचारा. तेच झिजलेलं रूपक पूर्ण कविता पेलतं. अंगांसकट उलगडलेल्या अशा रूपकाला सांगरूपक म्हणतात. आपल्या संतांनी ते शेती, दळण, विणकाम अशा घरच्या कामांतून उभं केलं, आणि त्यात त्यांचं एकही अवजार चुकीच्या हातात दिसत नाही.

प्रतिमा बदलूच नये असा याचा अर्थ नाही. शेतातून समुद्रावर जायचं असेल तर जरूर जा, पण कडव्याच्या शेवटी, पूर्णविरामानंतर. एका वाक्यात एकच जग ठेवा. आणि जिथे उपमान काढून टाकल्यावर ओळ जास्त स्पष्ट होते, तिथे ते कायमचं काढा. परत आलेल्या कवितेवर आधी हे करा, मग तीच कविता पुन्हा पाठवा.